पत्र्याच्या पेटीतील दप्तर

व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी सतरंज्या अंथराव्या, अशी रीत आहे. यंदा चालकांनी ती मोडली याबद्दल त्यांचे आभार मानून आम्ही विषयाला हात घालतो. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, रद्दीतून आणलेल्या पुस्तकांवर आणि मामलेदार कचेरीच्या पायऱ्यांवर. तेव्हा भाषेत काही उणे वाटले तर सांभाळून घ्यावे. विषय मात्र आमच्या रोजच्या व्यवहारातला आहे. पाड्यापाड्यांवरच्या, गावोगावच्या आणि चाळीचाळींतल्या लढाऊ समित्यांनी मागे ठेवलेले कागद व चीजवस्तू कशा ओळखाव्या, कशा जमवाव्या, आणि मुख्य म्हणजे कशासाठी जमवाव्या, हे सांगावयाचे आहे.

प्रथम एक घडलेली गोष्ट सांगतो. खापरच्या आसपासच्या पाड्यांतील पुष्कळ माणसे दिवाळीनंतर कोयता घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात ती पावसाआधी परततात. अशाच एका उन्हाळ्यात आखाजीच्या सुमारास आम्ही सभासद-नोंदणीसाठी एका पाड्यावर गेलो होतो. एका म्हाताऱ्या बाबांनी रेशनकार्ड शोधण्यासाठी पत्र्याची पेटी उघडली. कार्डाच्या खाली जुन्या धोतराच्या फडक्यात दोन कागद निघाले. एक होता 1973 सालच्या वर्गणीच्या पावतीचा. बाबा तरुणपणी शहादे तालुक्यात सालदार होते, तेव्हाच्या गावातील तरुण मंडळाची ती पावती. ती त्यांनी अभिमानाने आमच्या हातात दिली. दुसरा कागद मात्र त्यांनी झटकन मुठीत लपविला. आम्ही आग्रह केला तेव्हा तो दाखविला. जंगलात नांगर धरल्याबद्दल वनखात्याने केलेल्या दंडाची ती पावती होती. "चोरीचा कागद आहे, दादा, तो काय बघायचा?" असे ते म्हणाले.

या दोन कागदांनी आम्हांला विचार करावयास लावले. पहिल्या कागदाला आपण इतिहास म्हणतो. दुसऱ्याला गुन्हा म्हणून लपवितो. वस्तुतः दोन्ही एकाच लढ्याचे कागद आहेत, आणि पुढे सांगू त्याप्रमाणे दुसऱ्याचे मोल कदाचित पहिल्याहून अधिक आहे.

आता समिती म्हणजे काय ते पाहू. चळवळ म्हटली की पुढाऱ्यांची नावे आणि मोठ्या सभा डोळ्यांपुढे येतात. परंतु सभा संपली, पुढारी तुरुंगात गेला, तरी जी टिकून राहते ती वस्तीतली दहापाच माणसांची समिती. 1928 साली मुंबईत गिरणी कामगारांचा सहा महिन्यांच्या जवळपास चाललेला संप झाला. त्या संपात गिरणी कामगार युनियन, म्हणजे लोकांचा लाल बावटा, उभी राहिली आणि तिचा पाया गिरणीगिरणीतल्या समित्यांचा होता. 1943 ते 1946 या काळात जुन्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चालले. तेथे गावची न्यायदान मंडळे तंटे मिटवीत आणि तुफान सेना पहारा करी. 1956 साली संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, तिचेही बळ मुंबईच्या चाळींत आणि मोहल्ल्यांत होते.

आमचा खानदेश यात मागे नव्हता. 9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबारला शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळीबारात पडले. 14 एप्रिल 1944 रोजी चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला, त्यात साताऱ्याचे आणि खानदेशचे कार्यकर्ते एकत्र होते. नंदुरबारला शिरीषकुमारचे स्मारक आहे, तेथे आपण फुले वाहतो. परंतु भूमिगतांना ज्या घरांनी भाकरी दिली, ज्या पोरांनी चिठ्ठ्या पोचविल्या, त्यांचे कागद कोठे आहेत असे विचारले तर उत्तर मिळत नाही.

स्वातंत्र्यानंतरची आमची जवळची चळवळ म्हणजे शहादे-तळोद्याची. सालदारी, हिसकावलेल्या जमिनी, पीक संरक्षण सोसायट्यांच्या राखणदारांची दांडगाई, या सर्वांविरुद्ध भिल्ल, पावरा आदिवासी उभे राहिले. 1972 च्या जानेवारीत शहाद्याला भूमुक्तीचा मेळावा भरला, त्याच साली श्रमिक संघटना निघाली. अंबरसिंग महाराज, वाहरू सोनवणे, कुमार शिराळकर ही नावे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहेत. परंतु हे काम चालले ते गावोगावच्या तरुण मंडळांच्या आणि दारूची मडकी फोडणाऱ्या बायांच्या बळावर. आमच्या बाबांची पावती त्यांपैकीच एका मंडळाची.

या समित्यांच्या वस्तू इतक्या कमी का सापडतात? कारणे साधी आहेत. एक, काम पुष्कळदा गुप्त असे. चिठ्ठी वाचावी आणि चुलीत टाकावी, हाच नियम. दोन, लिहिता येणारी माणसे थोडी. ठराव तोंडी होई आणि स्मरणात राही. तीन, घरे कुडाची. पावसाळ्यात गळती, उन्हाळ्यात वाळवी आणि बाराही महिने उंदीर. चार, माणसे पोटासाठी फिरती, सहा महिने घराला कडी. पाचवे कारण वेगळे आहे. काही कागद घरातून चांगल्या कामासाठीच बाहेर गेले आणि परत आले नाहीत. 15 ऑगस्ट 1972 पासून केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केले. त्यासाठी सर्वसाधारणपणे सहा महिन्यांच्या, आणि स्त्रिया व अनुसूचित जातिजमातींच्या बाबतीत तीन महिन्यांच्या तुरुंगवासाचा पुरावा लागे. अर्जाला जोडलेले मूळ कागद फायलीत गेले. ज्यांच्याजवळ कागद नव्हता त्यांनी भोगलेले दुःख हिशेबातच आले नाही. भाकरी वाढणाऱ्या बाईला कोण दाखला देणार?

येथे एक गमतीची गोष्ट सांगण्याजोगी आहे. चळवळीचे कागद पुष्कळदा चळवळीने नव्हे, तिच्या शत्रूने जपले. 20 मार्च 1929 रोजी मीरत खटल्यासाठी देशभर धरपकड झाली. मुंबईतून डांगे, मिरजकर, जोगळेकर, घाटे, निंबकर, अळवे, कासले यांना पकडले आणि कचेऱ्यांतले कागद पोत्यांनी उचलले. ते खटल्यात पुरावा म्हणून छापले गेले, म्हणून आज वाचावयास मिळतात. पोलिसांनी नेले नसते तर ते उंदरांनी खाल्ले असते! उलट उदाहरण पॅरिसचे. फ्रेंच राज्यक्रांतीत 1790 साली त्या शहराचे 48 विभाग पाडले गेले. प्रत्येक विभागाची सभा होती, पुढे समित्या आणि त्यांची इतिवृत्ते झाली. मे 1871 मध्ये कम्यूनच्या शेवटच्या लढाईत नगरभवन आणि पोलीस कचेरी जळाली आणि त्या आगीत या विभागांचीही पुष्कळ दप्तरे गेली. एका क्रांतीच्या अखेरीस आधीच्या क्रांतीचे कागद जळावे, हा केवढा दैवदुर्विलास! तात्पर्य, सगळे एकाच ठिकाणी ठेवणे धोक्याचे, आणि काहीच न ठेवणे त्याहून धोक्याचे.

आपल्या भागाला कागद जमविण्याची परंपरा नाही असे नव्हे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांतली दप्तरे धुंडाळीत. 1926 साली त्यांचे देहावसान झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यास निघाले. राजवाड्यांचा कित्ता गिरविण्याची आमची योग्यता नाही. परंतु एक प्रश्न नम्रपणे विचारावासा वाटतो. वाड्यातले दप्तर वाचले, कारण वाड्याला माळा होता, कारकून होता, रुमाल होता. पाड्यावरच्या पेटीतले दप्तर कोणी वाचवावयाचे? ते आपणच वाचविले पाहिजे, कारण त्या पेटीत काय आहे हे दुसऱ्या कोणाला ठाऊकच नाही.

आता काय जमवावे ते सांगतो. हौशी माणूस प्रथम बिल्ला मागतो, कारण तो चकाकतो. बिल्ला जरूर घ्यावा, पण तो हजारोंनी सारखाच निघालेला असतो आणि स्वतःविषयी फार थोडे सांगतो. पावतीचे तसे नाही. पावतीवर क्रमांक असतो, तारीख असते, गावाचे नाव असते, रक्कम असते, घेणाऱ्याची सही असते. क्रमांकावरून पुस्तक किती फाटले ते कळते. तारखेवरून वर्गणी सुगीनंतर दिली की दुष्काळात ते कळते. सहीच्या जागी अंगठा असेल तर खजिनदार निरक्षर होता आणि तरी गावाने त्याच्यावर विश्वास टाकला, हे कळते. चार बोटांच्या कागदात एवढा मजकूर असतो. पावतीपुस्तकाची स्थळप्रत मिळाली तर ती सोन्यासारखी समजावी. त्याखालोखाल इतिवृत्ताची वही, हजेरीचे कागद, शाळेच्या वहीच्या पानावर लिहिलेली मागण्यांची यादी, मोर्च्याची हस्तपत्रके, कापडी फलक, नोटिसा, समन्स, जामिनाचे कागद. विरुद्ध बाजूचे कागदही सोडू नयेत. राखणदाराने फाडलेली दंडाची चिठ्ठी किंवा सालदाराच्या उचलीचा हिशेब हा आपल्याच लढ्याचा अर्धा भाग आहे.

कागद सापडला की तो कोणत्या कचेरीच्या काळातला हे तारखेवरून ठरवावे. हा भाग 1906 पासून पश्चिम खानदेशात होता, पुढे धुळे जिल्ह्यात आला, आणि 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. म्हणून त्याआधीच्या कागदाची सरकारी जोडी शोधावयाची तर धुळ्याचा रस्ता धरावा लागतो. शिवाय 1 मे 1960 रोजी द्विभाषिक राज्य मोडले तेव्हा अक्कलकुवा, तळोदे, नंदुरबार, नवापूर या तालुक्यांतील काही गावे गुजरातेत गेली. एकाच सोयऱ्याधायऱ्यांचे कागद आज दोन राज्यांत, दोन लिप्यांत आहेत. सीमेवरच्या खापरकरांना हे सांगावयास नको.

जमविण्याचा पहिला नियम आम्ही चूक करून शिकलो, म्हणून ती चूक सांगतो. एका पाड्यावर एका म्हाताऱ्या बाईने आम्हांला तांबडे कापड दिले. मोर्च्याचा झेंडा होता. त्यावर काळे, तेलकट डाग होते. कामगार दिनाला तो मांडावयाचा म्हणून आम्ही साबणाने स्वच्छ धुतला, इस्त्री केली. महिन्याने तिला दाखवावयास नेला. आमच्याकडे आईला याहा म्हणतात. आम्ही म्हणालो, "याहा, बघ कसा नवा दिसतो." तिने उलटून पालटून पाहिले आणि म्हणाली, "याच्यात भाकरी बांधून मी तुरुंगापर्यंत चालत गेले होते. ते डाग कुठे गेले?" आम्हांला उत्तर देता आले नाही. झेंडे हजार मिळतील. भाकरी बांधलेला झेंडा एकच होता आणि तो आम्ही आमच्या हातांनी धुतला.

तेव्हापासून आमचा नियम असा की वस्तूला हात लावण्याआधी तिची हकीकत लिहून घ्यावयाची. कोणाची, कोणी दिली, कोठे ठेवली होती, कोणत्या प्रसंगी वापरली, त्या वेळी बरोबर कोण होते, ही पाच उत्तरे सांगणाऱ्याच्या बोलीत, त्याच्याच शब्दांत उतरावी. हकीकतीवाचून वस्तू म्हणजे भंगार, आणि वस्तूवाचून हकीकत पुष्कळदा दंतकथा होते. दोन्ही एकत्र असली तरच पुरावा होतो.

दुसरा नियम, मूळ वस्तू शक्यतो घरातून हलवू नये. मोबाईलने दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावी, शेजारी मोजपट्टी ठेवावी, एक प्रत घरी द्यावी, एक ग्रामपंचायतीत किंवा शाळेत ठेवावी, एक दूरच्या संस्थेत पाठवावी. पॅरिसचा धडा तो हाच. घरच्यांनी आपण होऊन मूळ वस्तू दिली तर लेखी पोच द्यावी. ज्यांनी आयुष्यभर पावत्या फाडल्या त्यांनी येथे पावती देण्यास विसरू नये. आणि पैसे देऊन घेऊ नये. एकदा भाव फुटला की खोटे बिल्ले बाजारात येतात, भाऊ भावाची पेटी फोडतो, आणि खरी वस्तू शहरातल्या कोणाच्या दिवाणखान्यात जाऊन बसते.

तिसरा नियम जपणुकीचा. कागदाला टाचणी, स्टेपल किंवा रबर ठेवू नये. लोखंड गंजते, रबर वितळून चिकटते. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये, ती पिवळी पडून कागद खाते. हौसेने लॅमिनेशन तर मुळीच करू नये, ते पुन्हा सुटत नाही. क्रमांक घालावयाचा तर मऊ पेन्सिलीने मागच्या कोपऱ्यात घालावा. ओला कागद उन्हात नव्हे, सावलीत वाऱ्यावर वाळवावा. धुतलेल्या मांजरपाटाच्या रुमालात बांधून, कडुनिंबाचा वाळलेला पाला आजूबाजूला ठेवून, जमिनीपासून आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवावा. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून पाहावा. याला खर्च नाही, आठवण लागते.

चौथा नियम अवघड आहे. समितीच्या वहीत सगळेच अभिमानाचे नसते. दारू पिऊन बायकोला मारले म्हणून कोणाला दंड झाला, कोणी मालकाला बातमी पोचविली, कोणी वर्गणी खाल्ली, हेही असते. ती माणसे गेली, पण त्यांची नातवंडे त्याच पाड्यावर राहतात. काही मित्र म्हणतात, पाने फाडून टाका. आमचे मत तसे नाही. पान फाडणारा संग्राहक आणि कागद जाळणारा शत्रू यांत फरक राहत नाही. पान ठेवावे, पण ते केव्हा आणि कोणाला दाखवावयाचे हे त्या घरच्या माणसांशी बोलून ठरवावे. उलट वहीत जी नावे नाहीत ती विचारून लिहावी. सभेच्या हजेरीत बायांची नावे क्वचित असतात, मडकी फोडावयास मात्र त्याच पुढे होत्या.

आता त्या दुसऱ्या कागदाकडे, बाबांनी मुठीत लपविलेल्या पावतीकडे, परत येऊ. 2006 साली वनहक्क कायदा झाला. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला ती कसण्याचा हक्क त्याने मान्य केला. 2008 च्या नियमांत कोणते पुरावे चालतात त्याची यादी आहे आणि एकाहून अधिक पुरावे पाहावे असे सांगितले आहे. सरकारी कागद चालतो, बांध-विहिरीसारखी जागेवरची खूण चालते, दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही चालते. म्हणजे ज्या दंडाच्या पावतीने बाबांना चोर ठरविले, तीच पावती ते त्या जमिनीवर त्या साली नांगर धरून होते याची सरकारी साक्ष ठरते. किती घरांनी असल्या पावत्या लाजेने चुलीत घातल्या असतील! 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत शेतकरी आणि आदिवासी पायी चालत गेले, त्यांच्या मागण्यांत वनहक्काची अंमलबजावणी ही मोठी मागणी होती. पायांना फोड आले ते या कागदांसाठीच. बाबांना आम्ही एवढेच सांगितले की हा चोरीचा कागद नव्हे, तुमच्या मालकीच्या बाजूचा साक्षीदार आहे. त्यांनी तो पुन्हा फडक्यात बांधला, पण या वेळी वर्गणीच्या पावतीच्या वर ठेवला.

म्हणून आम्ही म्हणतो की हा छंद नव्हे. छंदाला वस्तू लागते, आम्हांला साक्ष हवी आहे. शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. याच कायद्याने ग्रामसभेने निवडलेली 10 ते 15 जणांची वनहक्क समिती गावोगाव सांगितली आहे. तिचे दाव्यांचे नोंदवहीपत्रक, तिच्या सभेची हजेरी, तिने केलेल्या स्थळपाहणीचा पंचनामा, हे उद्याचे जुने कागद आहेत. पन्नास वर्षांनी कोणी तरी याच पाड्यावर पेटी उघडील आणि विचारील की त्या वेळच्या माणसांनी काय केले. समितीत जे बसले आहेत त्यांनी वही नीट लिहावी, तारीख घालावी, हजर बायांची नावे लिहावी. आणि बाकीच्यांनी पाऊस पडण्याआधी घरातली पत्र्याची पेटी एकदा उघडावी. आत काही सापडले तर धुऊ नका, फाडू नका, विकू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि हे काय आहे ते विचारा.